चुंबकाची दाढी

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की देवळात गेल्यावर बाकीच्या बायका देवाकडे बघतात आणि मी घंटेकडे. खोटं नाही. घंटा वाजली की ती कशाची आहे हे आधी माझ्या मनात ठरतं, मग हात जोडले जातात. लग्नाच्या आहेरात समई दिसली तर ती ओतीव आहे की आतून पोकळ, हे उचलून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा आमच्या मजल्यावरच्या शेजारणीनं मोठ्या हौसेनं आणलेला पितळी गणपती मी तळाशी जरासा नखानं खरवडला आणि आतून पांढरं निघालं. तेव्हापासून ती मला हळदीकुंकवाला बोलावते, पण देवघरापासून लांब बसवते.

मी पितळ निवडते. मोशीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत एक भंगाराचं गोडाऊन आहे. तिथं येणाऱ्या मालातलं पितळ ओळखायचं, वेगळं काढायचं, त्यातही चांगलं-वाईट निवडायचं आणि भट्टीवाल्याची गाडी आली की त्याच्याशी हुज्जत घालून ते विकायचं, हे माझं काम. यातलं हुज्जत घालणं मला कुणी शिकवलं नाही, ते मी माहेरून आणलं. आमच्या लातूरकडच्या गावात माझ्या रागाची ख्याती होती. लग्न ठरवताना वडिलांनी मुलगी सावळी आहे, दहावी झालेली आहे, सगळं खरं खरं सांगितलं. रागाचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

गोडाऊनवरही मी पहिल्यांदा भांडायलाच गेले होते. नवरा नुकताच चाकणच्या कंपनीत लागला होता. रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपायचा, आणि आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे दिवसभर ठणाठण. आठ दिवस सोसलं, नवव्या दिवशी पदर खोचून गेले. गोडाऊनचे मालक चाचा खुर्चीवर बसले होते. पांढरी दाढी, जाड चष्मा, पिढ्यान् पिढ्या इथलेच. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पायाशी पडलेले दोन नळ उचलून एकामागून एक फरशीवर टाकले. दोन्ही चकचकीत, दिसायला सारखेच. एक ठण्णकन वाजला, दुसरा नुसता पडला.

"यातला पितळेचा कुठला?" चाचांनी विचारलं.

"वाजला तो. पण माझा नवरा झोपलाय त्याचं काय?"

चाचा हसले. त्यांनी कुटायची जागा गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला हलवली आणि मला दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं. नवरा निवांत झोपू लागला आणि ठणाठण करणाऱ्यांत मी जाऊन बसले.

काम मला आवडलं. पितळ हा सरळ माणूस नाही, तो रंगरूप बदलून येतो. चऱ्होलीत, मोशीत नवनव्या सोसायट्या झाल्या. फ्लॅट घेतला की लोक आधी बिल्डरनं लावलेले नळ काढून टाकतात, आणि ते पोत्यानं आमच्याकडे येतात. वरून सगळे चांदीसारखे. कानस मारली की आतलं खरं दिसतं. पिवळं आलं तर पितळ, पांढुरकं आलं तर जस्त, आणि लालसर झाक आली तर त्यात तांबं जास्त, तो माल वेगळा ठेवायचा. आवाज ऐकायचा, हातात वजन घ्यायचं, वास घ्यायचा. पितळेला वास असतो, घामट हातांनी धरलं की जास्तच येतो. माझ्या हातांना तो कायमचा लागलाय आणि घरच्यांना आता तो माझाच वाटतो.

कंपन्यांतून येतो तो पितळेचा कीस. लेथवर पितळेचे भाग कातले की जो बारीक, पिवळाधमक चुरा पडतो तो. त्यात लोखंडाचा चुरा मिसळला की घात होतो. ओतकामात गाठी राहतात आणि भट्टीवाला अख्खा माल परत पाठवतो. म्हणून किसात चुंबक फिरवून बघायचा. पितळ चुंबकाला लागत नाही, लोखंड लागतं. बाहेर काढलेल्या चुंबकाला लोखंडाचे केस उभे राहिले तर आमच्यात म्हणतात, दाढी आली. ज्या मालाला दाढी आली तो माल पडला.

माझा चुंबक जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेला, तळहाताएवढा होता. चाचींनी त्याला खणाची एक पिशवी शिवून दिली होती, ती माझ्या कमरेला असायची. चुंबक वापरला की फडक्यानं पुसायचा आणि मगच पिशवीत ठेवायचा, हा नियम चाचांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला. पुढे मी तो नव्या बायकांना इतक्या वेळा सांगितला, इतक्या जणींना त्यावरून झापलं, की स्वतः तो पाळायची मला फारशी गरज वाटेनाशी झाली.

गेल्या वर्षी चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. नेमकं त्याच आठवड्यात चाकणच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. सात ड्रम पितळेचा कीस विकायला काढला होता. व्यापाऱ्यांनी येऊन माल बघायचा आणि बंद चिठ्ठीत भाव लिहून द्यायचा. माल बघायला नेहमी चाचा जात. त्यांचा मुलगा हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो. गुणी आहे, पण त्याला पितळ आणि पिवळं प्लास्टिक सारखंच.

"तू जा," चाचा मला म्हणाले.

माल बघायला गेलेली बाई मी तरी कधी पाहिली नव्हती.

"दोनच गोष्टी," चाचा म्हणाले. "माल बघताना चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. आणि तोंड बंद."

पहिली जमेल असं मला वाटलं. दुसरीबद्दल चाचांनाच शंका असावी, कारण ती त्यांनी आणखी तीनदा सांगितली.

आदल्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं. इकडे गोडाऊनवर आम्ही एक जुनं हिरवं लोखंडी कपाट कापायला घेतलं होतं, चाचांनीच चार दिवसांपूर्वी घेतलेलं. कापताना उडालेला चुरा शेजारच्या पितळेच्या ढिगात गेला, म्हणून मी चुंबक फिरवून तो वेचत होते. तेवढ्यात चाचींचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं, चाचा उठून बसलेत आणि चहा मागताहेत. मला इतका आनंद झाला की हातातलं सगळं तसंच खोवलं आणि दवाखान्यात पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरकली साडी नेसून मी कंपनीच्या गेटवर हजर. गेटवरच्या वॉचमनमामांनी माझा मोबाइल घेतला, कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला, गळ्यात पास अडकवला. मग सेफ्टी शूज आले. माझ्या मापाचे नव्हतेच. मिळाले ते दोन नंबर मोठे. वरून पिवळं हेल्मेट. अंबाड्यामुळे ते काही केल्या नीट बसेना, पुढे ओढलं की डोळ्यांवर यायचं आणि मागे सारलं की आकडे टोचायचे. अशा थाटात मी फटक फटक चालत शेडमध्ये पोचले. तिथं आणखी दोन व्यापारी आलेले होते. एकाच्या गळ्यात जाड सोनसाखळी, दुसरा सारखा फोनवर. दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे. त्यांचं ते बघणं माझ्या डोक्यात गेलं.

माल दाखवायला कंपनीचा स्टोअरकीपर होता. चाळिशीचा, कोकणातला, बोलायला हळू. सातही ड्रम त्यानं एका रांगेत लावून ठेवले होते, प्रत्येकावर झाकण, झाकणाखाली प्लॅस्टिक. एक एक झाकण तो इतकं जपून उचलत होता की मला हसूच आलं. पहिला ड्रम उघडला. काय माल होता! सोन्यासारखा पिवळा, कोरडा, एकसारखा. माझं मन म्हणालं, हा माल आपल्याला मिळाला पाहिजे.

पण त्या दोघांना दाखवायचंही होतं ना, की बाई काय चीज आहे. मी ऐटीत पिशवीत हात घातला, चुंबक काढला आणि त्याच्याकडे न बघताच ड्रममध्ये खोलवर खुपसला. बाहेर काढला तर त्याला ही दाढी!

चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही आणि तोंड बंद, या दोन्ही गोष्टी मी त्याच क्षणी विसरले.

"अगं माय! लोखंड हाय की ह्यात!"

सगळे पुढे आले. मी तोच चुंबक तसाच दुसऱ्या ड्रममध्ये घातला, पुन्हा दाढी. तिसऱ्यात घातला, पुन्हा दाढी. प्रत्येक वेळी माझा आवाज चढत गेला. वरून सोनं आणि आतून लोखंड, आम्हाला काय अडाणी समजता काय, असं बरंच काही मी बोलले. कीर्तनकाराला लोक तल्लीन होऊन ऐकतात तसे ते दोघे व्यापारी ऐकत होते, आणि त्यामुळे मला आणखी जोर चढत होता. आवाज ऐकून मॅनेजर साहेब काचेच्या केबिनमधून बाहेर आले. त्यांनी दाढी बघितली आणि स्टोअरकीपरला विचारलं, "या शेडची चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," तो म्हणाला.

"मग पितळ बाहेर गेलं कुठून आणि लोखंड आत आलं कुठून?"

म्हणजे साहेबांच्या मनात चोरी आली होती. पितळ काढून विकायचं आणि वजन भरायला लोखंड घालायचं, असं काही ठिकाणी चालतं हे मलाही माहीत होतं. स्टोअरकीपर माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, मी सोताच्या हातान झाकणां लावतंय. ह्येच्यात लोखंड येतला खंयसून?"

तो रागानं बोलला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. तो खरंच विचारत होता. मी मान फिरवली.

साहेबांनी त्याला किल्ल्या आणि ओळखपत्र टाइम ऑफिसला जमा करायला सांगितलं. कंत्राटावरचा माणूस, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. आम्हाला सांगितलं, माल मिसळलेला समजून अर्ध्या तासात चिठ्ठ्या द्या.

पास जमा करून आम्ही तिघं गेटसमोरच्या टपरीवर चहाला आलो. सोनसाखळीवाल्यानं माझ्या चहाचे पैसे दिले. "मानलं ताई तुम्हाला! एका झटक्यात भाव पाडला, राव." मला गुदगुल्या झाल्या. मी लगेच चाचांना फोन लावला आणि कशी चोरी पकडली ते तिखटमीठ लावून सांगितलं.

चाचांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "लोखंड नवं आहे का जुनं? लेथच्या शॉपमधलं असेल तर चकचकीत असणार. बघ जरा."

त्यात काय बघायचं, असं मनात म्हणत मी टपरीवरच्या वर्तमानपत्रावर चुंबक निपटला. चुरा पडला. तपकिरी, गंजका. त्यात मध्येमध्ये हिरवे कण.

"चाचा," मी म्हटलं, "हिरवं आहे."



"कपाट," चाचा म्हणाले.

"कपाट," मी म्हटलं.

त्या कंपनीचं लोखंड नव्हतंच ते. मीच ते आमच्या गोडाऊनमधून, चाचींनी शिवलेल्या खणाच्या पिशवीत घालून, कमरेला बांधून तिथं नेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'आधी पुसा' म्हणून झापणाऱ्या मी, न पुसलेला चुंबक घेऊन साताठ माणसांसमोर आरडाओरडा केला होता. मला कानापर्यंत गरम झालं.

खरं सांगायचं तर एक क्षण असंही वाटलं, की झालं ते झालं. माल अस्सल आहे हे आता फक्त मला आणि चाचांना ठाऊक होतं. स्वस्तात चिठ्ठी टाकावी आणि सात ड्रम घेऊन घरी जावं. असं वाटलं हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. तेवढ्यात गेटच्या जाळीतून टाइम ऑफिस दिसलं. स्टोअरकीपर तिथं उभा होता. एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्यात पाण्याची बाटली. समोरचा माणूस वहीत काहीतरी लिहीत होता आणि हा मान खाली घालून थांबला होता.

"चाचा, त्या माणसाला काढताहेत," मी म्हटलं.

"मग माझ्याशी फोनवर काय बोलत बसलीस?" चाचा ओरडले.

मी धावले. पण पास जमा झालेला. वॉचमनमामा चाकणचेच, आडवे उभे राहिले.

"न्हाई ताई. एकदा भाईर पडलं की परत न्हाई. आमाला आर्डर हाय."

"मामा, आत माणसाची नोकरी चालली हो!"

"व्हय, पर माजीबी जाईल की."

मग मला जे चांगलं येतं ते मी केलं. गेटच्या जाळीला धरून ओरडायला लागले. "साहेब! ओ साहेब! लोखंड तुमचं न्हाई, माझं हाय! म्या आणलंय!" सकाळी ज्या आवाजानं वाटोळं केलं होतं तोच आवाज आता कामाला लावला. फोर्कलिफ्ट थांबल्या, कँटीनमधून माणसं बाहेर आली, आणि शेवटी साहेबही आले.

मी त्यांना वर्तमानपत्रावरचा चुरा दाखवला, हिरवे कण दाखवले, कपाटाची सगळी कहाणी सांगितली. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टाइम ऑफिसकडे.

"अर्ध्या तासापूर्वी लोखंड आहे म्हणत होता. आता नाही म्हणता. तेवढ्यात दोघांचं काही ठरलं वाटतं?"

माझा राग पुन्हा उसळला, पण या वेळी तो कुणावर काढायचा हे कळेना, कारण चूक माझीच होती. मी दात आवळले आणि म्हटलं, "साहेब, सातही ड्रम ताडपत्रीवर ओता. तुमच्यासमोर चुंबक फिरवते. एक केस जरी आला तरी मला पोलिसात द्या."

पुन्हा पास, पुन्हा ते शूज, पुन्हा हेल्मेट. शेडमध्ये ताडपत्री अंथरली गेली. मी चुंबक पुसला, साबणानं धुतला, पुन्हा पुसला, साहेबांच्या हातात देऊन दाखवला. मग गुडघ्यांवर बसले आणि एकेक ड्रमचा ढीग चाळायला लागले. कडेला दोघे व्यापारी, साहेब, वॉचमनमामा, कँटीनमधली निम्मी माणसं, आणि थोडं मागे डब्याची पिशवी घेऊन तो. पहिला ढीग स्वच्छ. दुसरा, तिसरा, चौथा स्वच्छ. घामानं हेल्मेट घसरत होतं, मी ते सारखं मागे सारत होते. पाचवा स्वच्छ. सहाव्या ढिगात हात घातला आणि चुंबकाला खट्कन काहीतरी लागलं.

चुंबक बाहेर काढायचा मला धीर होईना. शेवटी डोळे मिटून काढला.

चुंबकाला एक काळा आकडा चिकटला होता. केसांचा. माझा हात अंबाड्याकडे गेला. अर्धा अंबाडा सुटून खांद्यावर आलेला.

"हा पण माझाच," मी म्हटलं.

आधी वॉचमनमामा हसले. मग सोनसाखळीवाला पोट धरून खाली बसला. साहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. हसला नाही तो फक्त स्टोअरकीपर. तो पुढे आला, चुंबकावरचा आकडा त्यानं बोटांनी अलगद काढला आणि सातवा ड्रम ओतला. तोही स्वच्छ निघाला.

साहेबांनी त्याच्या किल्ल्या परत मागवल्या आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिल्या. "तुमचा माल चोख आहे," एवढंच म्हणाले. मी त्याच्यापाशी गेले. "चुकलं माझं, भाऊ," म्हटलं. माफी मागायची मला सवय नाही, तीन शब्दांना बराच वेळ लागला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. कोपऱ्यातलं एक फावडं उचलून माझ्यापुढे धरलं.

"ड्रम भरूक लागा," म्हणाला.

आम्ही दोघांनी सातही ड्रम पुन्हा भरले. इरकली साडीला पितळेचा कीस लागला तो अजून धुतल्यावर कुठे कुठे चमकतो. शेवटचं झाकण त्यानं लावलं आणि मी काही बोलायच्या आत निघून गेला. चिठ्ठ्या उघडल्या. मी चाचांनी सांगितलेला रास्त भाव लिहिला होता. सोनसाखळीवाल्याचा त्याहून वरचा निघाला. माल अस्सल आहे हे त्याला सात ढीग चाळून मीच दाखवलं होतं, मग तो कशाला सोडतोय!

संध्याकाळी चाचांकडे गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी. सगळं ऐकल्यावर ते रागावतील अशी तयारी करून गेले होते. आकड्यापर्यंत आले आणि चाचा जे हसायला लागले ते थांबेनात. चाची धावत आल्या. "डॉक्टरने हँसने को मना किया है!" म्हणून माझ्यावरच ओरडल्या. चाचांनी दोन्ही हातांनी पट्टी धरली, कसेबसे थांबले आणि म्हणाले, "माल गेला तर गेला, बेटी. पुढच्या वेळी पुन्हा तूच जा." मग जरा वेळानं, "आणि ती पिशवी धुऊन टाक." मी घरी येऊन पिशवी धुतली. पाण्याला हिरवी झाक आली.

त्या कंपनीतून पुन्हा बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर आलं. चाचांचा डोळा आता ठणठणीत होता, पण ते खुर्चीवरून उठले नाहीत. मीच गेले. वॉचमनमामा मला बघताच म्हणाले, "या ताई. आज काय घिऊन आलाय?" मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. शूज तेच, दोन नंबर मोठे.

शेडमध्ये तो उभा होता. नऊ ड्रम, एका रांगेत, झाकणं घट्ट. पहिल्या ड्रमच्या झाकणावर एक पांढरं स्वच्छ फडकं चौकोनी घडी घालून ठेवलं होतं.

"आदी पुसा, बाय," तो म्हणाला.

तो चेष्टा करतोय की अजून रागावलाय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मी गपचूप फडकं उचललं. घडीत काहीतरी कडक लागलं. उलगडून बघितलं तर आत माझा आकडा होता. काळा, तोच, इतके महिने कुठेतरी जपून ठेवलेला.

"तुमचो आकडो," तो म्हणाला. "दुसऱ्याचा लोखंड आमी ठेवत नाय." आणि तेव्हा पहिल्यांदा तो हसला.

माझे डोळे भरून आले आणि मला हसूही आवरेना. हेल्मेट काढू नये असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तरी मी ते काढलं, आकडा अंबाड्यात खोवला आणि हेल्मेट परत घातलं. मग त्याच्यासमोर चुंबक पुसला, दोनदा पुसला, आणि म्हटलं, "उघडा झाकण, भाऊ."